‘पॉवरहेड न खोलता क्रँक बेअरिंग बदला’ हा सल्ला मशीन का खातो

किनाऱ्यावर मोबाइलवरून एक सल्ला फिरतोय: ‘जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्डचं क्रँक बेअरिंग घरघरायला लागलं तर पॉवरहेड खोलू नका. फ्लायव्हील काढा, वरचं बेअरिंग ठोकून काढा, बाजारातलं त्याच नंबरचं ठोकून बसवा आणि तेल दुप्पट घाला.’ (आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागे टांगलेलं इंजिन, पॉवरहेड म्हणजे त्याचा सिलिंडर-क्रँकचा वरचा भाग, क्रँक म्हणजे पिस्टनची ये-जा फिरण्यात बदलणारा उभा दांडा आणि फ्लायव्हील म्हणजे त्याच्या माथ्यावरचं जड चाक.) यातलं एकही वाक्य जसंच्या तसं पाळण्याजोगं नाही, आणि फटका बसतो तो होडीवाल्याला.

‘पॉवरहेड खोलू नका.’ दोन सिलिंडरच्या बहुतेक जपानी मशीनींत वरचं बेअरिंग क्रँककेसच्या, म्हणजे क्रँकभोवतीच्या खोक्याच्या, दोन भागांमध्ये आवळलेलं असतं. बाहेरच्या रिंगला खाच किंवा भोक असतं, त्यात केसमधली पिन नाहीतर अर्धी रिंग अडकते. वरून ते निघतच नाही. जोर लावला तर अॅल्युमिनियमची केस फुटते. शिवाय घरघर वरच्याचीच कशावरून? प्लग काढा, फ्लायव्हील धरून आडवं हलवून बघा. खेळ लागला, किंवा फ्लायव्हीलच्या आत कॉइल घासल्याचा चकचकीत ओरखडा दिसला, तर वरचंच. खेळ नाही पण आवाज आहे, तर मधलं, खालचं किंवा कनेक्टिंग रॉडचं (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याचं) बघावं लागेल. न्यूट्रलला शांत आणि गिअर टाकताच आवाज, तर आधी गिअरबॉक्स उघडा.

मधल्या बेअरिंगचा तर सल्ल्यात उल्लेखच नाही. जपानी क्रँक तुकडे प्रेसखाली दाबून जोडलेला असतो. मधलं बेअरिंग बदलायचं तर तो सुटा करून पुन्हा दाबायचा आणि दोन सेंटरांत (टोकांच्या अणकुचीदार आधारांत) धरून डायल गेजवर (बारीक वाक दाखवणाऱ्या मापकावर) सरळ करायचा. वाक बऱ्याच मशीनींत ०.०५ मिमीच्या आत लागतो. नेमका आकडा मॅन्युअलात असतो. हे जमणारा कारागीर जवळ नसेल तर अख्खा क्रँक बदललेला बरा. जुन्या जॉन्सन-एव्हिनरूडचा क्रँक अखंड असतो, मधलं रोलर बेअरिंग दोन तुकड्यांचं, म्हणून ते मात्र प्रेसशिवाय निघतं.

‘ठोकून.’ क्रँकच्या टोकावर हातोडी पडली की दाबलेले जोड सरकतात. नव्या बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवर ठोकलं तर घाव गोळ्यांतून जातो, ट्रॅकवर बारीक खळगे उठतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणतं. काढायचं ते पुलरने. बसवताना बेअरिंग तारेला टांगून, तळाला टेकू न देता, तेलात ८० ते १०० अंशांपर्यंत तापवा, हाताने सरकतं. खाचेची बाजू आधीच बघून ठेवा, गार झाल्यावर उलटवता येत नाही.

‘त्याच नंबरचं.’ नंबरापुढची अक्षरंही वाचा. जुन्यावर ‘सी३’ असेल तर नवंही सी३च हवं. ती जादा मोकळीक तापलेल्या क्रँकसाठी ठेवलेली असते. रबरी सीलचं बेअरिंग तर नकोच, कारण इथलं वंगण इंधनातल्या तेलातून येतं आणि सील त्याची वाट अडवतं.

‘तेल दुप्पट.’ तेल वाढलं की कार्ब्युरेटरच्या त्याच जेटमधून (बारीक भोकातून) पेट्रोल कमी जातं, मिश्रण पातळ होऊन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून, पिस्टन तापतो, प्लग काळे पडतात. बेअरिंग बहुधा मरतं ते गंजाने: मशीन खाऱ्या पाण्यात बुडलं, टाकीत पाणी आलं, पावसाळाभर बंद राहिलं. गंजाचे खड्डे तेलाने भरत नाहीत. नवं बेअरिंग बसल्यावर पहिले १० तास २५:१, म्हणजे लिटरला ४० मिली, आउटबोर्डचंच टीसी-डब्ल्यू३ (पाण्याने गार होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीच्या दर्जाचं) तेल. पुढे मॅन्युअलचं प्रमाण.

क्रँकचं वरचं-खालचं सील नवंच घाला. वरच्यातून हवा शिरली तर पिस्टन जाम होतो. जुन्या बेअरिंगचा चुरा केसमध्ये राहू देऊ नका. जोडावर सिलिकॉनचा जाड थर नको, क्रँककेसचा सीलंट पातळ लावा. बोल्ट मधून बाहेर, दोन टप्प्यांत आवळा आणि प्रत्येक टप्प्याला क्रँक हाताने फिरवून बघा. अडकला तर आणखी आवळू नका, पिन भोकात बसलेली नाही. उघडा आणि रिंग थोडी फिरवून जुळवा.