डबा, ‘कोर्स’ आणि झाकणभर पाणी

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली आहे आणि एका बाबतीत बरोबर आहे, म्हणून दोन ओळींत आटोपत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मागच्या लेखात मी प्रोटीन पावडर आणि स्टिरॉइड एकाच माळेत ओवले, रात्रपाळी करून पहाटे जिम गाठणाऱ्या पोरांच्या मेहनतीवर बोळा फिरवला, आणि शरीरसौष्ठवाच्या वरच्या फळीत सगळेच स्टिरॉइड ‘घेतात’, मग फसवणूक होते ती कुणाची?

पहिलं मान्य. व्हे म्हणजे चीज करताना सुटणारी निवळी, ती वाळवून केलेली भुकटी. क्रिएटिन, म्हणजे ताकदीसाठी घेतात ती भुकटी, दिवसाला ३ ते ५ ग्रॅम घेतलं तर धडधाकट माणसाच्या मूत्रपिंडाला त्याने अपाय होतो असं इतक्या वर्षांच्या संशोधनात दिसलेलं नाही. ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या प्रतिबंधित यादीत या दोन्हींचं नाव नाही. त्यांना मी ‘विष’ म्हटलं ती माझी चूक. तो शब्द लेखातून काढला आहे.

पण ती माळ ओवली बाजाराने. व्हे, फॅट बर्नर, प्री-वर्कआउट आणि खणातून काढून दिलेल्या बिनलेबलच्या कॅप्सूल, सगळ्याला जिममध्ये एकच शब्द: सप्लिमेंट. जर्मनीतल्या कोलोनच्या प्रयोगशाळेने २००० आणि २००१ मध्ये १३ देशांतून ६३४ सप्लिमेंट विकत घेऊन तपासली होती. ९४ मध्ये लेबलवर नाव नसलेले स्टिरॉइड किंवा त्यांचे भाऊबंद सापडले. म्हणजे जवळपास १५ टक्के. जुनी गोष्ट म्हणाल, तर केरळमधल्या यकृततज्ज्ञांनी सहकाऱ्यांबरोबर आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरी तपासून २०२४ मध्ये निष्कर्ष छापले. सुमारे ७० टक्के डब्यांवरचा प्रोटीनचा आकडा खोटा निघाला, काहींत तर लिहिलं होतं त्याच्या निम्मंच. यातली एक युक्ती सांगतो. नेहमीच्या तपासणीत प्रोटीन थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि गुणाकार करतात. ग्लायसिनसारखं स्वस्त अमिनो आम्ल मिसळलं की नायट्रोजन वाढतो, कागदावर प्रोटीन वाढतं, दंडात काही येत नाही. चार हजारांच्या डब्यातला हा माल!

आता ‘सगळेच घेतात’. समजा घेतात. म्हणून सामना बरोबरीचा होतो का? ग्रोथ हार्मोन ज्याला परवडतं तो वेगळा, आणि ज्या पोरांची बाजू तुम्ही मांडता ते वेगळे. त्यांच्या वाट्याला कुठल्या शेडमध्ये भरलीय ते ठाऊक नसलेली ‘टेस्टो’ची, म्हणजे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनची, कुपी येते. नाहीतर मेफेन्टरमाइन. शस्त्रक्रियेत रक्तदाब घसरला तर तो वर आणायला डॉक्टर हे इंजेक्शन वापरतात; पोरं ते सेटच्या आधी ‘जोश’ म्हणून टोचून घेतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, वृषण आक्रसतात, ‘कोर्स’, म्हणजे ही औषधं घ्यायचे ठरवलेले आठवडे, संपल्यावर महिनोन्‌महिने माणूस मरगळलेला. हृदयाची भिंत जाड होते ती मात्र कुणाला आरशात दिसत नाही.

तुम्ही विचारलंत, ‘कधी घाम गाळलाय का?’ स्टेजवर उभा राहिलो नाही. पण परळ-लालबागच्या पट्ट्यात एका मंडळाच्या ‘श्री’ स्पर्धेत तीन वर्षं मांडवामागे स्वयंसेवक होतो. वजनं लिहायची, नंबराचे बिल्ले लावायचे, चटया अंथरायच्या. थंडीचे दिवस. एक पोरगा, असेल बावीस-तेवीसचा, चटईवर पाय भिंतीला वर लावून पडला होता. अंगावर टॅनचा, म्हणजे स्टेजसाठी लावायच्या तपकिरी रंगाचा, दुसरा हात नुकताच फिरलेला. माझ्याकडे पाणी मागितलं. मी बाटली पुढे केली तर त्याच्या कोचने ती काढून घेतली, झाकणात ओतून तेवढंच दिलं. पोराने ते जिभेवर धरून ठेवलं, गिळायची घाई केली नाही. ‘पाणी काढायची गोळी’ आदल्या दिवसापासून सुरू होती, हे नंतर कळलं. साइड चेस्टच्या पोझमध्ये त्याची पोटरी आवळली. आम्ही दोघांनी उचलून मागे आणला. पोटरी दगडासारखी, माझ्या पांढऱ्या शर्टावर त्याच्या टॅनचे हात उमटले. आणि मागे परतणारे एक परीक्षक कौतुकाने म्हणाले, “आज काय ड्राय आलाय पोरगा!”

माझं भांडण या वाक्याशी आहे, मेहनतीशी नाही. धावपटूने औषध घेतलं तरी गुण घड्याळ देतं. इथे औषधाने कातडीखालचं पाणी उपसून स्नायू रेखीव, म्हणजे ‘ड्राय’, दिसले की त्या उपसण्यालाच गुण मिळतात. ती गोळी पाण्याबरोबर पोटॅशियमही ओढून नेते, आणि पोटरीत गोळा येतो तसा हृदयाचा ठोकाही चुकतो. व्यावसायिक शरीरसौष्ठवपटू मोहम्मद बेनाझिझा १९९२ मध्ये हॉलंडमधल्या स्पर्धेनंतर काही तासांत गेला. तसाच आंद्रेआस म्युन्झर १९९६ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी. व्यावसायिक स्पर्धांनी चाचणी करून पाहिली नाही असं नाही. १९९० च्या आर्नोल्ड क्लासिक या अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धेत पहिला आलेला शॉन रे चाचणीत अडकला, किताब माइक ॲश्लीकडे गेला. त्या वर्षी मिस्टर ऑलिंपिया या सर्वांत मानाच्या स्पर्धेतही चाचणी झाली. पुढे ती टिकली नाही.

आपल्याकडे ‘नाडा’ या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेची चाचणी होते तिथे नियम सरळ आहे: तुमच्या लघवीत सापडलं, तर जबाबदार तुम्ही. स्टिरॉइडला सहसा चार वर्षं. ‘सप्लिमेंटमधून आलं असेल’ म्हणून चालत नाही, कुठल्या डब्यातून आलं ते पोराने सिद्ध करायचं. कोचवरही कारवाई होऊ शकते, पण त्याला पुरावा लागतो, आणि कोर्स तर तोंडी सांगितलेला असतो.

तुम्ही ट्रेनर आहात असं लिहिलंत, म्हणून एक विनंती. पोरांना देता त्या प्रत्येक डब्याचं नाव, बॅच नंबर आणि तारीख एका वहीत लिहा, बिल चिकटवा, त्याच बॅचचा एक सीलबंद डबा कपाटात ठेवा. वहीच्या पानाखाली सही तुमची असू द्या.