२१ दिवसांत गाठ विरघळवणारा मेसेज: मुद्द्याला मुद्दा

‘प्रत्येक भगिनीपर्यंत पोहोचवा’ असं डोक्यावर लिहिलेला एक मेसेज सध्या ठाण्यात फिरतोय. वर्तकनगरच्या आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर आला, घोडबंदरच्या सोसायट्यांमधून आला, ठाणे-वाशी लोकलच्या लेडीज डब्याच्या ग्रुपवरूनही आला. विषय ओटीपोटात एका बाजूला दुखण्याचा. सांगणं असं, की हे दुखणं म्हणजे ओव्हरीवरची (अंडाशयावरची) गाठ, ती घरच्या उपायांनी २१ दिवसांत विरघळते, आणि डॉक्टरकडे गेलात तर पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढूनच घरी याल. मी स्त्रीरोग विभागात सिस्टर होते, आता निवृत्त आहे. ‘सिस्टर, हे खरं का हो?’ असं विचारणाऱ्या एकेकीला व्हॉइस नोट पाठवण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

‘एरंडेल तेलाची पट्टी आणि ओवा-हिंगाचा काढा २१ दिवस. गाठ विरघळते, पुढच्या सोनोग्राफीत दिसतच नाही.’

हा मुद्दा सगळ्यात जास्त पसरतो, कारण तो पुष्कळदा खरा ठरल्यासारखा दिसतो. दर महिन्याला ओव्हरीत फॉलिकल, म्हणजे पाण्याची एक बारीक पिशवी, वाढते. अंडं बाहेर पडायच्या सुमारास ती साधारण दोन सेंटिमीटरची होते. कधी ती फुटतच नाही आणि वाढत राहते. कधी फुटल्यावर मागे उरलेल्या भागात पाणी किंवा रक्त साठतं. रिपोर्टवर ‘सिस्ट’ म्हणून येतं ते बहुतेक वेळा हेच. पाळी चालू असलेल्या वयात अशा सिस्ट दोन-तीन पाळ्यांत आपसूक जिरतात. म्हणून तर डॉक्टर काहीही न देता ‘सहा ते बारा आठवड्यांनी, पाळी संपल्या संपल्या, पुन्हा सोनोग्राफी करू’ म्हणतात. पाच सेंटिमीटरच्या आतली, निव्वळ पाण्याची सिस्ट असेल आणि काही त्रास नसेल, तर तेवढीही गरज पडत नाही.

आता ज्या बाईने या काळात एरंडेल लावलं तिची गाठ गेली, आणि जिने काहीच केलं नाही तिचीही गेली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच वेळ. अनुभव सांगणाऱ्या बायका खोटं बोलत नाहीत, फक्त श्रेय भलत्यालाच देतात. हे श्रेय डॉक्टरांच्या गोळ्यांनाही देता येत नाही, हेही सांगते. गर्भनिरोधक गोळ्यांनी आधीच झालेली सिस्ट लवकर जाते का, हे कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात अनेक अभ्यास एकत्र करून तपासलं गेलं. उत्तर आलं, नाही.

पण सगळ्या गाठी पाण्याच्या नसतात. डर्मॉइड नावाची गाठ तरुण मुलींमध्ये बरीच दिसते. तिच्यात चरबी असते, केस असतात, कधी चक्क दात असतो. (ती पहिल्यांदा ट्रेमध्ये पाहिलेल्या शिकाऊ नर्सेस त्या दिवशी डबा खायच्या नाहीत.) दात काही ओव्याच्या काढ्याने विरघळत नाही. दुसरी चॉकलेट सिस्ट. तिच्यात जुनं, घट्ट, तपकिरी रक्त असतं आणि ती एंडोमेट्रिओसिस या आजाराचा, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा, भाग असते. तीही अशी निघून जात नाही. तेव्हा रिपोर्टमध्ये ‘सिंपल सिस्ट’ लिहिलंय की आणखी काही, आकार किती, आत काय दिसलं, हे आधी बघायचं. तेल लावायचंच असेल तर लावा, गरम पाण्याच्या पिशवीने पाळीच्या कळा कमी होतात हेही खरं. पुढच्या सोनोग्राफीची तारीख मात्र चुकवू नका.

आणि प्रत्येक दुखण्यामागे गाठ असतेच असं कुठे आहे? पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी, अंडं बाहेर पडताना, काहीजणींना एका बाजूला कळ येते. काही तास, फार तर दोन दिवस. या महिन्यात डावीकडे, पुढच्या महिन्यात कदाचित उजवीकडे. दोन-तीन महिने कॅलेंडरवर खूण करून ठेवली की कळतं. त्याला ना गाठ लागते, ना काढा.

‘गाठ फिरली की अचानक कळ येते, उलट्या होतात. घाबरू नका. गरम पिशवी ठेवा, जाणत्या बाईकडून पोट चोळून घ्या. दोन दिवसांत गाठ जागेवर बसते.’

खरं तर या एका मुद्द्यासाठी मी लिहायला बसले. मेसेज लिहिणाऱ्याने लक्षणं अगदी बरोबर सांगितली आहेत आणि त्यावर सांगितलंय, घरी थांबा!

ओव्हरी पोटात अधांतरी असते, एका देठासारख्या भागावर. तिच्या रक्तवाहिन्या त्यातूनच येतात. ओव्हरी गाठीने जड झाली, विशेषतः पाच सेंटिमीटरच्या पुढे गेली, की त्या देठाला पीळ पडू शकतो. पातळ भिंतीच्या शिरा आधी दबतात. रक्त आत येत राहतं, बाहेर जात नाही, ओव्हरी सुजते. मग रक्त येणंही थांबतं. हा सगळा खेळ तासांचा आहे, दिवसांचा नाही. मेसेजमधल्या दोन दिवसांत ओव्हरी कायमची जाऊ शकते.

यातली फसवी गोष्ट अशी, की पीळ थोडा सुटतो आणि पुन्हा बसतो. कळ येते, ओकारी होते, तासाभराने बरं वाटतं. तेवढ्यात गरम पिशवी ठेवलेली असते, त्यामुळे तिचाच गुण आला असं वाटतं. रात्री पुन्हा कळ. म्हणून अशी कळ ओसरली तरी त्याच दिवशी दाखवायचं. आधी ओव्हरीवर मोठी गाठ सांगितलेली असेल तर घड्याळ बघत बसूच नका. पोट चोळायला तर कुणालाही हात लावू देऊ नका, मग ती कितीही जाणती असो. बेंबी सरकली म्हणून चोळणाऱ्या बायका अजून आहेत. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण आत पीळ आहे की फुटलेली सिस्ट आहे हे बोटांना कळत नाही.

आणखी एक. कलर डॉपलरमध्ये, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, रक्तप्रवाह दिसला म्हणून पीळ नाहीच, असं ठरत नाही. ओव्हरीला दोन वाटांनी रक्त मिळतं, त्यामुळे सुरुवातीला प्रवाह दिसू शकतो. म्हणून कधी कधी रिपोर्ट बरा असतानाही डॉक्टर दुर्बिणीने बघायचं म्हणतात. ते पैसे उकळण्यासाठी असेल असं लगेच समजू नये. लवकर पोहोचलं तर पीळ सोडवून ओव्हरी वाचते. ती निळी-काळी दिसली तरी पुष्कळदा सावरते. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये किशोरवयीन मुलींबाबत स्पष्ट म्हटलंय, की नुसत्या रंगावरून ओव्हरी काढू नका. हो, किशोरवयीन मुली. शाळेतल्या मुलीच्या ओव्हरीलाही पीळ पडतो, कधी तर गाठ नसतानाही.

म्हणूनच मेसेजमधला पुढचा मुद्दा चीड आणतो: ‘लग्न न झालेल्या मुलीला गायनॅककडे नेऊ नका, आतून तपासतात.’ अशा मुलीची सोनोग्राफी पोटावरून होते. भरपूर पाणी पाजतात, लघवी भरली की वरून बघतात, झालं. आतून तपासणी तिच्या संमतीशिवाय कुणी करत नाही, करूही नये. सोनोग्राफीत किरण नसतात, आवाजाच्या लहरी असतात. ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न उरतो, त्याला सोनोग्राफीत काही दिसत नाही.

‘उजवीकडे दुखलं तर अपेंडिक्स, डावीकडे दुखलं तर ओव्हरी.’ ओव्हऱ्या दोन असतात, दोन्हीकडे एकेक. उजवीकडची कळ दोन्हीपैकी कशाचीही असू शकते, मुतखड्याची असू शकते, लघवीच्या जंतुसंसर्गाची असू शकते. डॉक्टरांनाही हाताने तपासून पुरेसं कळत नाही, म्हणून तर ते लघवी, रक्त, सोनोग्राफी लिहून देतात. ताप आहे, अंगावरून वास येणारं पांढरं जातंय, संबंधांच्या वेळी दुखतंय, असं असेल तर गर्भाशय-नळ्यांचा संसर्ग असू शकतो. त्याला अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स लागतो, बहुतेकदा नवऱ्यालाही. अर्धवट सोडला तर नळ्या चिकटतात आणि पुढे मूल राहायला अडचण येते.

‘ऑपरेशन झालेल्या बाईला गरोदरपणाची भीती नाही, तिचं दुखणं गाठीचंच.’ कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन फार क्वचित फसतं, पण फसलं तर गर्भ नळीत राहण्याची शक्यता बरीच असते. तांबी बसवलेली असतानाही दिवस गेले, तर हीच शंका आधी घ्यायची. नळीतला गर्भ वाढून नळी फुटली की पोटात रक्त साचतं. एका बाजूला दुखणं, चुकलेली किंवा वेगळीच वाटणारी पाळी, थोडा थोडा रक्तस्राव, चक्कर, आणि कधी कधी खांद्याच्या टोकाला दुखणं. खांद्याचं दुखणं ऐकून घरचे बाम लावतात, पण ते पोटातल्या रक्ताने डायाफ्राम (छाती आणि पोट यांच्यामधला पडदा) चिडल्यामुळे असतं. पाळी येणाऱ्या वयातल्या बाईला असं दुखलं तर लघवीची गरोदरपणाची चाचणी झालीच पाहिजे, मग ती ‘शक्यच नाही’ म्हणो. किट केमिस्टकडे मिळतं, आशाताईंकडे ‘निश्चय’ किट असतं. मात्र चक्कर येत असेल तर किट शोधत बसू नका, निघा.

‘सततचं दुखणं म्हणजे पीसीओडी.’ पीसीओडीने, म्हणजे हॉर्मोन्स बिघडून पाळी अनियमित होण्याच्या त्रासाने, सहसा पोट दुखत नाही. तिथे सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नव्हेत, पूर्ण न वाढलेली बारीक फॉलिकल्स असतात. पीसीओडी आहे आणि दुखतही आहे, तर दुखण्याचं कारण वेगळं शोधायला हवं.

‘लग्न झालं, मूल झालं की दुखणं थांबतं.’ हे सासू, मावशी, शेजारीण सगळ्याच सांगतात, त्यामुळे मेसेजला एकट्याला दोष देत नाही. पण पाळीत शाळा-ऑफिस बुडण्याइतकं दुखणं, शौचाला जाताना कळा, संबंधांत दुखणं ही एंडोमेट्रिओसिसची लक्षणं असू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रिया आणि मुलींना हा आजार असतो. गरोदरपणात काहींना आराम पडतो, आजार बरा होत नाही. उलट मूल राहायलाच याच्यामुळे उशीर होऊ शकतो. साधी सोनोग्राफी नॉर्मल आली तरी हा आजार असू शकतो. त्यामुळे ‘रिपोर्ट चांगलाय, नाटकं करू नकोस’ हे वाक्य घरात कुणी उच्चारू नये.

‘पाळी गेल्यावर ओव्हरी सुकतात, मग दुखणं म्हणजे गॅस. तरी शंका नको म्हणून वर्षातून एकदा सीए-१२५ ही रक्ताची तपासणी करा. नॉर्मल आली की निर्धास्त.’

दोन्ही सल्ले चुकीचे, आणि दोन्ही मिळून जास्त घातक. पाळी गेलेल्या बाईचं पोट नव्याने फुगायला लागलं, दोन घास खाऊन भरायला लागलं, ओटीपोटात दुखतंय, लघवीला वारंवार जावं लागतंय, आणि हे महिन्यातले बारा-तेरा दिवस तरी होतंय, तर अँटासिडवर दिवस काढू नका. ओव्हरीच्या कॅन्सरची सुरुवात अशीच साधी दिसते. बहुतेकजणींना कॅन्सर निघणार नाही, पण सोनोग्राफी व्हायला हवी.

सीए-१२५ डॉक्टर करून घेतात ती लक्षणं आणि सोनोग्राफीच्या जोडीने. कॅन्सर सुरुवातीच्या अवस्थेत असतो तेव्हा जवळपास निम्म्याजणींत ती नॉर्मल येते. उलट एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढते, पाळीच्या दिवसांत वाढू शकते, आणि पोटाच्या टीबीमध्ये तर इतकी वाढते की पोटातलं पाणी आणि तो आकडा बघून घरचे कॅन्सर म्हणून रडायला लागतात. निदान टीबीचं निघतं आणि बाई औषधांनी बरी होते. काही लक्षण नसताना सगळ्यांची दरवर्षी तपासणी करून जीव वाचतात का, हे ब्रिटनमध्ये दोन लाखांवर स्त्रियांवर तपासलं. २०२१ मध्ये निष्कर्ष आला: मृत्यू कमी झाले नाहीत. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये लागणाऱ्या पॅकेजमध्ये ही तपासणी दिसली तर एवढं आठवा. ज्यांच्या आई-बहिणींना ओव्हरीचा किंवा स्तनाचा कॅन्सर झालाय, त्यांनी पॅकेज घेण्याऐवजी स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलावं. खारघरला टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र आहे, त्यासाठी परळ गाठायलाच हवं असं नाही.

शेवटचा मुद्दा: ‘डॉक्टरकडे गेलात की पिशवी काढायलाच सांगतील.’ ही भीती हवेतून आलेली नाही. बीडमधल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याच्या प्रकरणात २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती. मीही नोकरीत असताना ‘काढून टाकू, कटकट नको’ हे ऐकलेलं आहे. पण ओव्हरीच्या साध्या सिस्टसाठी गर्भाशय काढायचं कारण नसतं, आणि नुसतं गर्भाशय काढलं तर ओव्हरी राहतात, त्यांच्यावर पुन्हा सिस्ट होऊ शकते. तेव्हा तातडी नसेल तर ऑपरेशनचं ऐकून खुशाल दुसऱ्या डॉक्टरकडे जा, सगळे रिपोर्ट आणि फिल्म घेऊन.

तातडी असेल तर मात्र दुसरं मत शोधत फिरायचं नाही. अचानक आलेली जोराची कळ, उलट्या, ताप, चक्कर, पोट दगडासारखं होणं, भरपूर रक्तस्राव, पाळी चुकलेली असताना दुखणं, यातलं काहीही असेल तर रात्रीचे दोन वाजले असोत, १०८ लावा किंवा रिक्षा पकडा. ठाणेकरांना कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, नवी मुंबईकरांना वाशीचं महापालिका रुग्णालय आहे, जवळचं खासगी असेल तर तेही चालेल. ऑपरेशन लागू शकतं, म्हणून डॉक्टर बघेपर्यंत काही खाऊ-पिऊ नका. सोबतच्या माणसाला एवढं पाठ हवं: शेवटची पाळी कुठल्या तारखेला आली, दुखणं किती वाजता आणि कुठल्या बाजूला सुरू झालं, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, आणि आधीच्या सोनोग्राफीत काय निघालं होतं. तो रिपोर्ट कपाटात असेल तर आत्ताच मोबाइलवर फोटो काढून ठेवा.