उरलेल्या अन्नासाठी १०९८ वर फोन करू नका

लग्नसराई आली की सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: 'कार्यात अन्न उरलं तर १०९८ वर फोन करा, गाडी येऊन घेऊन जाईल.' हे खरं नाही.

१०९८ ही संकटातल्या मुलांसाठी चोवीस तास चालणारी हेल्पलाइन आहे, १९९६ साली मुंबईत सुरू झालेली. हरवलेलं, मार खाणारं, कामाला जुंपलेलं मूल दिसलं की हा नंबर लावायचा. आम्ही अन्न गोळा करत नाही, असं ही लाइन तेव्हा चालवणाऱ्या चाइल्डलाइन संस्थेनं पूर्वीच जाहीर केलंय. बालविवाहाची खबरही इथेच द्यायची असते. ऐन लग्नसराईत ही लाइन भाताच्या पातेल्यासाठी अडून राहणं मला फार गंभीर वाटतं.

मग अन्नाचं काय? गरजूंसाठी चालणाऱ्या आमच्या धान्यकेंद्राला इथले किराणा दुकानदार डाळ-तांदूळ देतात, भाकरी करणाऱ्या मावश्या कडक भाकरी आणि शेंगा चटणी. हे टिकतं, स्वयंसेवक सवडीनं घरोघरी पोचवतात. शिजवलेल्याचं तसं नाही. चाळिशी पार केलेल्या उन्हाळ्यात वरण-भात दोन तासही बाहेर ठेवू नये. म्हणून द्यायचंच असेल तर शेवटची पंगत उठायच्या आधी जवळच्या संस्थेला कळवा, आणि पानात न वाढलेलं, झाकलेलं अन्नच द्या.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. टाकला असेल तर काढा आणि त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.