‘मुलाखती म्हणजे गप्पा’ या दाव्याचा प्रतिवाद

प्रबंधाचे विषय ठरू लागले की गोव्यातील मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांमध्ये एक संदेश हमखास फिरतो. त्याचा आशय असा: आकडे निःपक्षपाती असतात, म्हणून संख्यात्मक संशोधन तेवढेच शास्त्र, मुलाखती म्हणजे गप्पा, दहाबारा माणसांवरून काही सिद्ध होत नाही, आणि मुलाखतीतून संशोधकाला हवे तेच निघते. या संदेशापायी चांगले विषय सुरू होण्याआधीच बाद होतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आकड्यांची निःपक्षपातीता आधी पाहू. नैराश्याच्या प्राथमिक चाचणीसाठी जगभर वापरली जाणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली घ्या. तीत नऊ प्रश्न असून प्रत्येकाला ० ते ३ गुण असतात. बेरीज १० किंवा अधिक झाली, तर पुढील तपासणी करावी असे सर्वसाधारणपणे मानले जाते. गेल्या दोन आठवड्यांत थकवा जाणवला का, भूक कमी-जास्त झाली का, हेही तीत विचारलेले असते. सत्तरीतील एखाद्या शेतकरी बाईला हे प्रश्न भातलावणीच्या दिवसांत विचारले आणि थकव्याबद्दल ती ‘जवळजवळ रोज’ म्हणाली, तर तो थकवा दिवसभर चिखलात वाकून राहिल्याचा की मन खचल्याचा, हे ३ या आकड्यावरून कळत नाही. श्रावणात उपवास करणाऱ्या व्यक्तीच्या भुकेबाबतही हीच अडचण येईल. म्हणून प्रश्नावली टाकाऊ ठरत नाही. परंतु प्रश्न ऐकताना माणसाला नेमके काय कळले आणि उत्तर देताना त्याच्या मनात काय होते, हे त्याच्याशी बोलूनच समजते, आणि असे पद्धतशीर बोलणे हेच गुणात्मक संशोधनाचे काम आहे. आकडा जन्माला येण्याआधी कोणीतरी शब्द निवडलेले असतात, ही गोष्ट तो संदेश विसरतो.

मुलाखतींना गप्पा म्हणणाऱ्याने एकदा तरी मुलाखतीचे शब्दशः लेखन करून पाहावे. ध्वनिमुद्रण, लेखन, ओळीओळीला तिच्या आशयानुसार संकेत (कोड) देणे, दोघांनी स्वतंत्रपणे दिलेले संकेत ताडून पाहणे, आपल्या निष्कर्षाला छेद देणारी उदाहरणे मुद्दाम शोधणे, अशी ही शिस्त आहे. समाजशास्त्रज्ञ ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी १९६७ मध्ये, तर मानसशास्त्रज्ञ ब्राउन आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये मांडलेल्या, अशा मजकुराच्या विश्लेषणपद्धती आज सर्रास शिकवल्या जातात.

थोड्या माणसांवरून काही सिद्ध होत नाही, हे तर मानसशास्त्राच्या इतिहासालाच धरून नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी विस्मरणाचा अभ्यास स्वतःवर केला आणि तो १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला. एच. एम. या रुग्णावर १९५३ मध्ये मेंदूची शस्त्रक्रिया झाल्यानंतर नव्या घटना त्याच्या लक्षात राहीनाशा झाल्या, आणि स्मृतीच्या अभ्यासाची दिशाच बदलली. उलट, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रकल्पात मानसशास्त्रातील आकड्यांवर आधारलेली १०० संशोधने पुन्हा करून पाहण्यात आली, तेव्हा मूळ संशोधनांपैकी ९७ टक्क्यांत सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सहज सोडून देता येणार नाही असा, निष्कर्ष होता, तर पुनरावृत्तीत तो केवळ ३६ टक्क्यांत मिळाला. हवा तो निष्कर्ष काढण्याचा मोह आकडेमोड करणाऱ्यालाही होतो. कोणती तुलना छापायची आणि कोणती गाळायची, हे तोच ठरवतो.

दूर कशाला जायचे? नैराश्य आणि चिंता यांवरील उपचार कितपत लागू पडतो हे तपासणारी ‘मानस’ ही चाचणी गोव्यातच, १२ सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि १२ खासगी दवाखान्यांत झाली. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांवर तिची भिस्त होती. मुख्य चाचणीआधी संबंधितांशी सल्लामसलत आणि लहान प्रमाणावरील प्रयोग करून उपचाराची आखणी झाली होती. २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा सरकारी केंद्रांत उपचाराचा लाभ स्पष्ट दिसला, खासगी दवाखान्यांत मात्र तसा पुरावा मिळाला नाही. हा फरक आहे, हे आकड्यांखेरीज कळलेच नसते. तो का पडला, हे मात्र रुग्णांना आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कळणार नाही.

त्या संदेशातील एक शंका रास्त आहे. मुलाखतींवरून प्रमाण सांगता येत नाही. बारा जणांशी बोलून ‘गोव्यातील बहुतेक तरुणांना’ असे वाक्य लिहिणारा प्रबंध मार्गदर्शकाने परत पाठवावा, आणि ‘बहुतेक’ हा शब्द काढायला लावून त्या बारा जणांनी काय सांगितले तेवढेच नीट लिहून घ्यावे.