अमेरिकेला निघालात? मग मिक्सर घ्याच!

अमेरिकेला जाताय ना, मग बॅगेत सगळ्यात आधी मिक्सर टाका. कपडे काय तिकडेही मिळतात, पण आपला ७५० वॅटचा मिक्सर तिकडे कुठे मिळणार? (मिळतो. तिकडच्या ११०-१२० व्होल्टवर चालणारा, आपल्याच कंपन्यांचा. पण हे आईला सांगू नका, तिने तो लेकरासाठी हौसेने घेतलाय.) २३ किलोतले पाच-सहा किलो त्याचे, उरलेल्यात संसार बसवा, आणि भांडी रिकामी नेऊ नका, आत मेतकूट कोंबा.

पोचलात की कळेल पिना बसत नाहीत. घाबरायचं नाही, चार-पाच डॉलरचा ॲडॉप्टर आणायचा, बसल्या पिना, झालं काम. ॲडॉप्टरने फक्त पिनांचा आकार बदलतो, भिंतीतले १२० व्होल्ट (आपल्याकडे २३०) तेवढेच राहतात, असं सांगणारा एखादा इंजिनियर ग्रुपवर असतोच, त्याला म्यूट करा.

मिक्सर चालू करा. फिरतो की! त्याच्या ब्रशवाल्या मोटरला ५० हर्ट्झ काय नि ६० काय, सगळं सारखंच, फक्त व्होल्टेज निम्मं झाल्यावर ताकद जेमतेम पाव उरते, म्हणजे ओलं खोबरं भांड्यात निवांत प्रदक्षिणा घालत बसतं आणि भिजवलेली डाळ तर पातं धरूनच ठेवते. मग मोटर नुसती घुरघुरते आणि थोड्या वेळाने वास येतो, तो चटणीचा नसतो.

आता व्होल्टेज वाढवून देणारा ट्रान्सफॉर्मर घ्या. ७५० वॅटच्या मिक्सरला १५०० वॅटचा तरी घ्या म्हणतात, तो वजनाला मिक्सरपेक्षा भारी, ओट्यावर मावत नाही आणि बटण लावल्यापासून गुणगुणत बसतो. त्या पैशात थोडी भर घातली तर तिकडचा नवा मिक्सर येतो, पण मग आईच्या मिक्सरचं काय!

खरे हिकमती लोक कपडे वाळवायच्या ड्रायरमागचा पॉइंट शोधतात, तिथे २४० व्होल्ट असतात. पॉइंट बहुतेक ३० अँपियरचा आणि मिक्सरची वायर बारीक, म्हणजे काही घोटाळा झाला तर ब्रेकर पडायच्या आधी वायर पेटेल, पण तोवर चटणी एकदम गंधासारखी वाटली जाईल.

पाणी तापवायचा रॉडही न्या. १५०० वॅटचा रॉड तिकडे चारशेच्या आसपास वॅट खातो, केवढी बचत! इथे वीस-पंचवीस मिनिटांत तापणारी बादली तिकडे सुमारे दीड तास घेते. नळाला चोवीस तास गरम पाणी असतं आणि बादली आधी शोधावी लागते, ते सोडा.

लंडनला जाणाऱ्यांनी हे वाचू नये, तिकडे आपल्यासारखेच २३० व्होल्ट नि ५० हर्ट्झ, प्लग बदलला की संपलं. जपानला जाणारे मात्र नशीबवान, तिकडे फक्त १०० व्होल्ट! आणि लॅपटॉप-मोबाइलचे चार्जर, ज्यांच्यावर १००-२४० असं बारीक छापलेलं असतं, ते मुकाट्याने कुठेही चालतात, त्यात काय मजा.

परत येताना मावशीसाठी तिकडचा कॉफी मेकर आणायला विसरू नका. १२० व्होल्टचं यंत्र आपल्या २३० वर लावलं की जवळजवळ चौपट जोमाने तापतं, कॉफी व्हायच्या आधीच घरभर धूर. अशा वेळी शांतपणे म्हणायचं, 'इंडियातल्या लाईटचं काही खरं नाही बाई', आणि पुढच्या खेपेला हेअर ड्रायर आणायचं कबूल करून टाकायचं.