सहा महिने उलटले म्हणून हात सोडून देऊ नका

सांगली-मिरजेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: अंगावरून वारं गेल्यावर (म्हणजे स्ट्रोक, पक्षाघाताचा झटका आल्यावर) सहा महिन्यांत हात आला तर आला, नंतर येत नाही. तोवर रोज गरम तेलानं मालीश करा, मुठीत स्पंजचा चेंडू द्या, सगळी कामं चांगल्या हातानं करा. आणि झटका येताक्षणी दहाही बोटांना सुई टोचून रक्त काढा. मी फिजिओथेरपिस्ट आहे. हा मेसेज वाचून पेशंटला आणायचंच बंद केलेली घरं मी पाहिली आहेत, म्हणून हे लिहिते.

सहा महिन्यांची मुदत. यात अर्धं खरं आहे. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो, तो काळ वाया घालवूच नये. पुढे वेग मंदावतो, पण थांबत नाही. लंडनला क्वीन स्क्वेअर इथल्या मेंदूविकारांच्या हॉस्पिटलात फक्त हातासाठी तीन आठवड्यांत 90 तासांचा कार्यक्रम चालतो. 2019 साली त्यांनी 224 पेशंटची माहिती छापली. त्यांतल्या निम्म्या लोकांच्या स्ट्रोकला दीड वर्ष किंवा त्याहून जास्त काळ झालेला. तरी हात सुधारले, आणि सहा महिन्यांनी तपासलं तेव्हाही ती सुधारणा टिकून होती. 2021 मध्ये मानेतल्या व्हेगस नर्व्हला (मेंदूपासून निघून मानेतून खाली जाणाऱ्या नसेला) यंत्रानं उत्तेजना देत व्यायाम करून घेण्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात तर स्ट्रोकला नऊ महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंत झालेले पेशंट होते.

प्रत्येक हात पूर्ववत होतो असं मी म्हणत नाही. नेदरलँड्समधल्या 2010 च्या अभ्यासात, स्ट्रोकच्या दुसऱ्याच दिवशी ज्यांना बोटं थोडी उघडता आणि दंड थोडा बाजूला उचलता येत होता, त्यांच्या हातात सहा महिन्यांनी थोडंफार कसब परतण्याची शक्यता 98 टक्के निघाली. ज्यांना ते जमत नव्हतं, त्यांची 25 टक्के. म्हणजे फरक मोठा आहे. पण चारांत एकाला मिळणारी संधी मेसेज वाचून कुणी का घालवावी?

मालीश. बरं वाटत असेल तर जरूर करा. पण मालीश करताना पेशंटचा हात आयता पडलेला असतो, हालचाल दुसऱ्याचीच. मेंदूला शिकायला मिळतं ते पेशंट स्वतः हात हलवायची धडपड करतो तेव्हा. शिवाय त्या हाताला गरम-गार नीट कळत नाही, कडक तेलानं भाजलं तरी तोंडातून हूं निघत नाही. हात ओढून उचलू नका, खांदा आधीच सैल झालेला असतो. छताला दोरी-कप्पी लावून हात वर खेचण्यानंही खांद्याचं दुखणं वाढतं.

आता चेंडू. या एका सल्ल्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. स्ट्रोकनंतर बहुतेकांची मूठ वळते, उघडत मात्र नाही. मग जे येतंय त्याचाच सराव कशाला? तासगावकडचे एक बागायतदार काका, स्ट्रोकला आठ महिने झालेले. नखं तळव्यात रुतत होती आणि घरचे अजून चेंडूच देत होते. मी टेबलावर हळकुंडं मांडली, शेजारी वाटी. काकांनी हळकुंड लगेच धरलं, पण सोडता येईना. मनगट खाली वाकवायला लावलं, तशी बोटं जराशी सैल झाली आणि हळकुंड वाटीच्या काठावर आपटून बाहेर पडलं. "अवो, सोडलं की ह्यांनी!" काकू ओरडल्याच.

तिथून पुढं कित्येक आठवडे हेच. धरायचं, सोडायचं, परत धरायचं. अमेरिकेत 2009 साली मोजणी झाली तेव्हा थेरपीच्या एका सत्रात हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी 32 च भरल्या होत्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल घडवायला रोज शेकडो लागतात. काका आज त्या हातानं ताट धरतात. शर्टाचं बटण अजून जमत नाही. मूठ फारच घट्ट असेल तर बोट्युलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शननं ती सैल करता येते, न्यूरोच्या डॉक्टरांना विचारा.

सगळं चांगल्या हातानं करा, हा सल्ला तर उलटाच आहे. न वापरलेला हात मेंदू हळूहळू हिशेबातूनच काढतो. 2006 साली अमेरिकेतल्या 222 पेशंटच्या अभ्यासात, स्ट्रोकला तीन ते नऊ महिने झालेल्यांचा चांगला हात जाड मोज्यात ठेवून दोन आठवडे लुळ्या पडलेल्या हाताकडून कसून कामं करून घेतली. वर्षभरानंतरही फायदा टिकला होता. हे ज्यांना मनगट आणि बोटं थोडी तरी आपणहून उचलता येतात त्यांच्यासाठीच. घरी आपल्या मनानं हात बांधून ठेवू नका.

"फिजिओ कशाला, आम्हीच करतो घरी," असंही ऐकू येतं. घरच्यांची साथ हवीच. पण भारतातल्याच 14 हॉस्पिटलांत 1250 पेशंटवर हे तपासलं गेलं. नातेवाइकांना शिकवून घरी व्यायाम करून घेतले, पण नेहमीच्या उपचारांपेक्षा सहा महिन्यांनी जास्त फायदा दिसला नाही. 2017 साली हा निष्कर्ष आला. त्यामुळे कुठला व्यायाम, किती आणि पुढं काय बदलायचं, हे ठरवायला जाणकार लागतोच.

राहिली सुई. बोटांतून रक्त काढल्यानं मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी हलत नाही, आणि वेळ मात्र जाते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. जत-आटपाडीहून मिरजेला पोचायलाच दोन तास सहज जातात. तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं अडखळतंय असं दिसलं की 108 ला फोन लावा, आणि माणूस शेवटचा ठीक कधी होता ती वेळ कागदावर लिहून बरोबर न्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.