निकियाचे 'मतदान' आणि संत अथानासियस

इ.स. ३२५ मध्ये निकिया (आजच्या तुर्कस्तानात) येथे भरलेल्या बिशपांच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रांतांच्या प्रमुखांच्या, परिषदेत रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने मतदान घेऊन येशूला देव ठरवले, बायबलची पुस्तके निवडली आणि हे सारे त्याचे हस्तक संत अथानासियस यांनी घडवून आणले, असा मजकूर समाजमाध्यमांवर वर्षानुवर्षे फिरत आहे. त्यातले साल तेवढे खरे आहे.

येशूला देव मानणे निकियात सुरू झाले नाही. त्याच्या दोनशे वर्षे आधी रोमन सुभेदार धाकटा प्लिनी याने सम्राट ट्रेजनला कळवले होते की, ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. येशूविषयीचा निकियातला वाद पुत्र (येशू) पित्यासारखाच (देवासारखाच) अनादी आहे, की अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस म्हणे त्याप्रमाणे पित्याने निर्माण केलेला आहे, एवढ्यापुरता होता. निर्णयाला शेवटपर्यंत नकार देणारे बिशप दोनच निघाले, त्यामुळे काठावरच्या बहुमताची कथाही टिकत नाही. अथानासियस यांना तर मतच नव्हते. ते इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या बिशपांसोबत आलेले तरुण डीकन (बिशपांच्या हाताखालचे धर्मसेवक) होते; स्वतः तिथले बिशप ते पुढे झाले.

पुस्तकांविषयी परिषदेच्या वीस नियमांत अवाक्षर नाही. नव्या करारातील नेमकी आजचीच २७ पुस्तके सांगणारी, उपलब्ध असलेली पहिली यादी अथानासियस यांनी ३६७ साली ईस्टर सणानिमित्त पाठवलेल्या पत्रात सापडते. गंमत अशी की, त्याच पत्रात त्यांनी जुन्या करारातील एस्तेरचे पुस्तक प्रमाणग्रंथांबाहेर ठेवले आणि ते आज बायबलात आहे.

'हस्तक' हा आरोप मात्र सर्वांत हास्यास्पद आहे. ३३५ मध्ये टायर (आजच्या लेबनॉनमध्ये) येथील बिशपांच्या सभेत अथानासियस यांच्यावर इतर आरोपांबरोबर अर्सेनियस नावाच्या बिशपचा खून करून त्याचा हात तोडल्याचाही ठपका होता. जुन्या इतिहासकारांच्या वृत्तांतानुसार पुरावा म्हणून एक तुटका हात दाखवण्यात आला, आणि मग खुद्द अर्सेनियसच दोन्ही हातांनिशी सभेपुढे उभा राहिला. तरीही सभेने त्यांना दोषी धरले. पुढे, अलेक्झांड्रियाहून राजधानीला जाणारे धान्य अडवण्याची धमकी दिल्याच्या आरोपावरून याच कॉन्स्टंटाइनने त्यांना दूर ट्रिअरला (आजच्या जर्मनीत) हद्दपार केले. मृत्युशय्येवर त्याने बाप्तिस्मा घेतला, तोही एरियसचा पाठीराखा असलेल्या निकोमेडियाच्या बिशप युसेबियसकडून. एकामागून एक चार सम्राटांनी अथानासियस यांना एकूण पाच वेळा हद्दपार केले. पंचेचाळीस वर्षांच्या बिशपपदातली सुमारे सतरा वर्षे वनवासातच गेली.

त्यांच्यावर टीका करायचीच असेल, तर तिला जागा आहे. इजिप्तमधील चर्चमधून फुटलेल्या मेलिशियन गटाशी ते कठोरपणे वागले, आणि त्यांच्या समर्थकांनी या गटाच्या लोकांना मारहाण केल्याची तक्रार त्याच काळातल्या एका पपायरसपत्रात आजही वाचता येते.